हिस्पॅनिक पेशंट, अँजिओप्लास्टी आणि नंतरची कॉम्प्लिकेशन्स: दोष वंशाचा की शुगरचा?

रिओकाठची
नमस्कार मंडळी. मी टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात, एका हॉस्पिटलच्या कॅथ लॅबमध्ये नर्स आहे. तिथे अँजिओप्लास्टी होते, म्हणजे हृदयाची अरुंद धमनी फुग्याने उघडून जाळीचा स्टेंट बसवतात. नदीपलीकडे मेक्सिको. आमचे जवळजवळ सगळे पेशंट मेक्सिकन मुळाचे, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या ज्या लोकांना अमेरिकेत हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणतात त्यांतले. काहींच्या चार पिढ्या इथेच गेल्या, काही परवा आलेत.

मागच्या आठवड्यात आमची क्वालिटीची मीटिंग झाली. अँजिओप्लास्टीनंतर किडनीला फटका बसलेले आणि महिन्याच्या आत परत ऍडमिट झालेले पेशंट आमच्याकडे जास्त निघाले. एक सीनियर डॉक्टर म्हणाले, "आपले पेशंट हिस्पॅनिक आहेत, रिस्क जास्त असणारच." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा मुद्दा सुरू झाला.

मला हे काही पचलं नाही. हिस्पॅनिक असणं हाच रिस्क फॅक्टर असेल तर आम्ही करायचं तरी काय? इथे डॉक्टर आहेत, आकडेमोडवाले आहेत, अमेरिकेत राहणारे तर ढिगाने आहेत. तुम्हाला काय वाटतं?

कट्टेकरी
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (शुगर आहे, त्यामुळे बिनमिठाचे. हो, शुगर आणि बीपी, दोन्हीही आहेत.)

मनगटवाला
ताई, मी पुण्यात अँजिओप्लास्टी करतो, फेलोशिप शिकागोत झाली, तिथे मेक्सिकन आणि पोर्टो रिकन पेशंट भरपूर पाहिले.

आधी 'कॉम्प्लिकेशन' या गाठोड्याची गाठ सोडू. टेबलावरच होणारं वेगळं: धमनीचा आतला पदर फाटणं, वायरने भोक पडणं, स्टेंट बसूनही पुढे रक्त न सरकणं. पहिल्या दोन-तीन दिवसांतलं वेगळं: जांघेतून किंवा पोटात रक्तस्राव, डायमुळे (धमन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडतात तो) क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडल्याची रक्तातली खूण, चढणं, क्वचित स्ट्रोक. महिन्याभरातलं सगळ्यात भीतीदायक म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी. आणि सहा महिने ते वर्षाच्या टप्प्यात स्टेंट आतून पुन्हा अरुंद होणं.

प्रत्येकाची कारणं निराळी. रक्तस्राव होतो तो वय जास्त, बाई, वजन कमी, हिमोग्लोबिन कमी, किडनी अधू, हार्ट अटॅक चालू असताना केलेली प्रोसिजर आणि मनगटाऐवजी जांघेतून हृदयापर्यंत घातलेली नळी यांमुळे. किडनीला फटका बसतो तो आधीच अधू किडनी, शुगर, हार्ट फेल्युअर, प्रोसिजरच्या वेळी पडलेलं बीपी आणि डायचं प्रमाण यांमुळे. पुन्हा अरुंद होण्यात शुगर, बारीक धमनी आणि लांब स्टेंट हे तिघं आघाडीवर. गुठळीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मध्येच सोडणं.

यात 'आडनाव गार्सिया' कुठेही नाही.

शेंगदाणा_चटणी
शेवटच्या ओळीला टाळ्या.

सांख्यिक
टाळ्या थोड्या आवरा. डॉक्टरांचं बरोबर आहे, पण अर्धंच.

अमेरिकेतल्या बहुतेक नोंदण्यांमध्ये चित्र असं दिसतं: अँजिओप्लास्टीला येणारा हिस्पॅनिक पेशंट गोऱ्या पेशंटपेक्षा सरासरीने तरुण, पण त्याला शुगर जास्त, त्यातही इन्शुलिनवर असणारे जास्त, किडनीचे आजार जास्त. हे सगळं गणितात धरलं की हॉस्पिटलमधल्या मृत्यूंचा फरक बहुतेक वेळा जवळजवळ पुसला जातो. मग लोक म्हणतात, बघा, फरक नाहीच.

अहो, पण पेशंट आपली शुगर घरी ठेवून टेबलावर येत नाही! गणितात फरक पुसला म्हणजे तो कुठून येतो ते कळलं, इतकंच. माणसाला भोगायचं ते भोगावंच लागतं. त्यामुळे त्या सीनियर डॉक्टरांचं निरीक्षण चूक नाही. तिथे थांबणं चूक आहे.

मनगटवाला
@सांख्यिक, हे मान्य. माझा आक्षेप 'असणारच' या शब्दावर.

बोगनवेल
मला मुळात 'हिस्पॅनिक' या डब्यावरच आक्षेप आहे. मी ब्राँक्समध्ये राहते. माझ्या मजल्यावर डोमिनिकन, पोर्टो रिकन, इक्वेडोरचे लोक आहेत. एकमेकांचं खाणं जमत नाही, रंग वेगळे, पूर्वज वेगळे. सरकारी व्याख्या १९७७ ची, १९८० च्या जनगणनेत हा प्रश्न सगळ्यांना विचारला, तेव्हापासून सगळे एका डब्यात. २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख माणसं त्यात होती. एवढ्या लोकांचं हृदय एकसारखं?

सांख्यिक
@बोगनवेल, अगदी हाच मुद्दा आकड्यांतही आहे. २००८ ते २०११ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या चार ठिकाणी १६ हजारांहून जास्त लॅटिनो लोकांची तपासणी झाली, फक्त याच समाजावरचा हा मोठा अभ्यास. शुगरचं प्रमाण मेक्सिकन, पोर्टो रिकन आणि डोमिनिकन लोकांत १८ टक्क्यांच्या आसपास, क्यूबन लोकांत १३ च्या वर, दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १० च्या आसपास. म्हणजे एकाच डब्यात जवळपास दुपटीचा फरक. मायामीतल्या हॉस्पिटलचे आकडे उचलून रिओकाठच्या ताईंच्या पेशंटना लावले तर गणित सपशेल चुकेल.

पेठेतला
एक शंका. हिस्पॅनिक लोक अमेरिकेत गोऱ्यांपेक्षा जास्त जगतात असं वाचलं होतं. मग हा सगळा धागाच बाद की काय? (पेठेतला असल्याने खोचक विचारणं भाग आहे.)

सांख्यिक
खोचक असला तरी रास्त प्रश्न. त्याला 'हिस्पॅनिक पॅराडॉक्स' म्हणतात. मार्कायडिस आणि कोरील यांनी १९८६ मध्ये मांडला: गरिबी जास्त, विमा कमी, तरी आयुर्मान बरं. काही श्रेय कमी सिगारेटला जातं. काही इथवर धडपडत येणारा मुळातच धट्टाकट्टा असतो याला. काही जण म्हणतात की आजारी माणसं शेवटी मायदेशी परततात आणि इथल्या नोंदीत त्यांचा मृत्यू येतच नाही.

पण हृदयाचं म्हणाल तर टेक्सासनेच या पॅराडॉक्सला खोडा घातला. १९७९ ला सुरू झालेला सॅन अँटोनियोचा आणि १९८८ चा कॉर्पस ख्रिस्तीचा, दोन्ही अभ्यासांत मेक्सिकन-अमेरिकन लोकांची बाजू पडतीच निघाली. कॉर्पस ख्रिस्तीत तर त्यांना हार्ट अटॅक जास्त, त्यानंतरचे मृत्यू जास्त, आणि अँजिओप्लास्टी मात्र गोऱ्यांपेक्षा कमी जणांना मिळत होती.

रिओकाठची
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मी रोज काय बघते ते थोडं सांगते.

डिस्चार्ज झालेल्या पेशंटला मी सगळी औषधं घरून आणायला सांगते. एका आजींची मुलगी किराण्याची पिशवी घेऊन आली. ती टेबलावर उपडी केली. क्लोपिडोग्रेलची, म्हणजे स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीची, बाटली होती, सील न तोडलेली. ऍस्पिरिन होती. शुगरची मेटफॉर्मिन दोन वेगवेगळ्या दुकानांची, म्हणजे आजी बहुतेक दुप्पट घेत होत्या. आणि नदीपलीकडे नुएवो प्रोग्रेसोहून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं: डायक्लोफेनॅक आणि बी व्हिटॅमिन एकत्र असलेल्या. गुडघेदुखीसाठी, दिवसाला दोन-तीन. वर वाळवलेल्या निवडुंगाच्या कॅप्सूल, शुगरसाठी.

आता सांगा, ऍस्पिरिनवर डायक्लोफेनॅक घेतल्यावर पोटात रक्तस्राव झाला आणि आधीच अधू असलेली किडनी ढासळली, तर चार्टवर काय लिहिलं जाणार? 'हिस्पॅनिक, महिला, ७१'.

क्लोपिडोग्रेलचं सील का तोडलं नाही विचारलं तर मुलगी म्हणाली, आईला छातीत आता दुखत नाही, मग गोळी कशाला.

आंबेमोहोर
निवडुंग काय आणि आपलं कारलं काय! माझी मावशी स्टेंटनंतर 'दुखत नाही ना आता' म्हणून गोळ्या ठेवून द्यायची. मावशी हिस्पॅनिक नाही, कराडची आहे.

कट्टेकरी
कराडच्या मावशीला +१

टेक्सासकर_काका
ह्यूस्टनहून. पेशंट 'ऐकत नाहीत' हा सूर मला खटकतो, रिओताई, तुमचा नाही, एकंदर. विमा नसलेल्यांचं प्रमाण अमेरिकेत सगळ्यात जास्त टेक्सासात, आणि त्यातही लॅटिनो पुढे. राज्याने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार केलेला नाही. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्या माणसाला हाकलता येत नाही, म्हणून अटॅक आला की स्टेंट टाकला जातो. पण पुढचं वर्षभर गोळ्या, रक्ततपासणी, फॉलो-अप यांचे पैसे कोणी द्यायचे? माझ्याकडे छपराचं काम करणारा माणूस आहे. डिस्चार्जला त्याला रक्त पातळ करणारी महागातली टिकाग्रेलॉर लिहून दिली. फार्मसीच्या काउंटरवर किंमत ऐकून तो रिकाम्या हाताने घरी आला. क्लोपिडोग्रेलची जेनेरिक किती स्वस्त असते! पण लिहिणाऱ्याने विमा आहे का हे विचारलंच नव्हतं.

मनगटवाला
काका, हे सोन्यासारखं निरीक्षण आहे. औषधाचे पैसे परवडतील का, हा प्रश्न स्टेंट टाकायच्या आधी विचारायचा असतो. वर्षभर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालणार नसतील तर स्टेंटची निवड, कोर्स किती दिवसांचा, अगदी बायपास बरी का, हे सगळं बदलतं. अटॅकनंतर साधारण वर्षभर, स्थिर पेशंटला सहा महिने, आणि रक्तस्रावाचा धोका फार असेल तर त्याहूनही कमी, असं आता चालतं.

झुंबर
वाचनखूण साठवली. चांगला धागा.

यवतमाळकर
रिओ ग्रांदे खोरं म्हणजे ते मॅकॅलन ना? अतुल गावंडेंनी २००९ मध्ये त्याच गावाच्या वैद्यकीय खर्चावर लेख लिहिला होता. (त्यांचे वडील आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, त्यामुळे आम्ही हक्काने वाचतो.) तिथे मेडिकेअरचा (वयस्करांच्या सरकारी विम्याचा) माणशी खर्च देशाच्या जवळपास दुप्पट होता आणि स्टेंट, पेसमेकर, बायपास सगळंच तुलनेत दुपटी-तिपटीने होत होतं. तसंच सीमेवरचं, तशीच वस्ती असलेलं एल पासो मात्र स्वस्तात भागवत होतं.

मग माझा प्रश्न असा: गरज नसताना केलेल्या अँजिओप्लास्टीची कॉम्प्लिकेशन्स कोणाच्या खात्यावर लिहायची? पेशंटच्या वंशाच्या?

टेक्सासकर_काका
पण वर सांख्यिक म्हणाले की लॅटिनोंना अँजिओप्लास्टी कमी मिळते. नक्की कमी की जास्त?

सांख्यिक
दोन्ही, काका. विम्याचं कार्ड ज्याच्याकडे त्याला जास्त, नाही त्याला कमी. गावंडेंचे आकडे मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढचे, विमा असलेले. छपरावर काम करणारा ४८ वर्षांचा माणूस त्यात नाहीच. स्थिर दुखण्यात औषधांवर राहिलं तरी चालतं हे २००७ पासूनच्या मोठ्या चाचण्या सांगतायत. अटॅक चालू असेल तर मात्र मिनिटं मोजावी लागतात. दारात आल्यापासून फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटांच्या आत, हे लक्ष्य. २००४ साली छापलेल्या एका राष्ट्रीय पाहणीत गोऱ्या पेशंटची सरासरी १०३ मिनिटं होती, हिस्पॅनिक पेशंटची ११५ च्या आसपास. आणि त्या फरकाचा मोठा वाटा 'कोणत्या हॉस्पिटलात गेले' याचा होता.

रिओकाठची
उशिराचं अजून एक कारण सांगते. आत येणारा माणूस स्पॅनिशमध्ये सांगतो, 'घुसमटतंय, दमल्यासारखं होतंय'. दुभाषा फोनवर यायचा असतो. तोवर दहा-बारा वर्षांची नात पुढे होते आणि आजोबांची छाती, लघवी, सगळं सांगायला लागते. नियमाने लहान मुलांना दुभाषा करायचं नाही, जीव धोक्यात असल्याशिवाय. पण रात्री दोन वाजता नात समोर असते आणि दुभाषा रांगेत. त्या पोरीला 'किडनीचा त्रास आहे का' याचं उत्तर कसं माहीत असणार? मग क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायच्या आत डाय गेलेला असतो.

बोगनवेल
अंगावर काटा.

किडनीवरून आठवलं, @मनगटवाला. किडनी किती काम करते ते काढायच्या अमेरिकेतल्या फॉर्म्युल्यात कृष्णवर्णीय पेशंटसाठी वेगळा गुणक होता, तो २०२१ मध्ये काढला ना? माझे डोमिनिकन शेजारी दिसायला काळे, भाषा स्पॅनिश. त्यांच्यासाठी तेव्हा कोणता गुणक लावत असतील?

मनगटवाला
काउंटरवरच्या माणसाने जी खूण केली असेल तो. आणि 'काळा' अशी खूण झाली की किडनी कागदावर आहे त्यापेक्षा बरी दिसायची. डाय किती वापरायचा हे त्याच आकड्यावर ठरतं. आमचा ठोकताळा असा की डायचे मिलिलिटर त्या आकड्याच्या तिपटीपुढे जाऊ द्यायचे नाहीत. शिवाय आधी सलाईन, आणि जमल्यास काम दोन बैठकांत.

दांडपट्टा
मी ऐकलं होतं की त्या लोकांत ढेकणासारख्या किड्याने हृदय खराब होतं. तेही रिस्क फॅक्टर का?

मनगटवाला
ते चागस. कार्लोस चागस यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये शोधलेला परजीवी आजार. त्यात हृदयाचा स्नायू आणि आतलं वायरिंग बिघडतं, धमन्यांत ब्लॉकेज होत नाही. स्टेंटशी थेट संबंध नाही. पण बोलिव्हिया किंवा एल साल्वादोरच्या पेशंटचं हृदय फुगलेलं आहे आणि अँजिओग्राफीत धमन्या साफ आहेत, तर हे डोक्यात यायला हवं. नाहीतर दिसेल त्या ३० टक्के ब्लॉकवर खापर फुटतं.

दांडपट्टा
धन्यवाद डॉक्टर. आता ढेकूणही घाबरवणार.

बे_एरिया_बंड्या
आपल्या लोकांचं काय? धागा वाचताना सारखं वाटतंय की 'हिस्पॅनिक' खोडून 'देशी' लिहिलं तरी चालेल. शुगर, बारीक धमन्या, घरगुती औषधं, सगळं जुळतंय.

सांख्यिक
बरंचसं जुळतं. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या मोठ्या हृदय अभ्यासात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी असे ६,८१४ लोक होते. आपण त्यात नव्हतोच. म्हणून २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोत दक्षिण आशियाईंसाठी वेगळा अभ्यास काढला, नाव चक्क 'मसाला'. शुगरचं प्रमाण त्या चारही गटांपेक्षा आपल्यात जास्त निघालं.

मनगटवाला
आणि एका बाबतीत आपण मागे. क्लोपिडोग्रेल शरीरात जाऊन एका एन्झाइमने कामाला लागते. तो एन्झाइम सुस्त असलेले लोक आपल्यात आणि पूर्व आशियात बरेच, लॅटिन अमेरिकी लोकांत त्या मानाने कमी. सुस्त असेल तर गोळी घेऊनही स्टेंटमध्ये गुठळीचा धोका राहतो. अमेरिकेत २०१० पासून या गोळीवर तसा ठळक इशारा आहे. ओमेप्राझोलही त्याच एन्झाइमच्या आड येतं, म्हणून सोबत ऍसिडिटीची गोळी द्यायची तर आम्ही पँटोप्राझोल देतो.

पेठेतला
इकडे स्टेंटच्या किमतीचा विषय कसा नाही निघाला अजून? २०१७ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने औषधी स्टेंट २९,६०० वर आणला आणि हॉस्पिटलांनी बिलात बाकीच्या ओळी फुगवल्या की नाही?

धागापाल
पेठेतले, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे ते सुरू झालं की शंभर प्रतिसाद तिकडेच जातील.

पेठेतला
काढतोच.

रिओकाठची
मूळ प्रश्नाकडे येते. पुढच्या मीटिंगला मी असं मांडायचं ठरवलंय: चार्टवर 'हिस्पॅनिक' हा रकाना आहे तसा राहू दे, पण कॉम्प्लिकेशनच्या प्रत्येक केसला शेजारी पाच गोष्टी लिहा. शुगर किती आणि इन्शुलिन आहे का. आदल्या दिवशीचा क्रिएटिनिन आणि डाय किती गेला. नळी मनगटातून की जांघेतून. विमा आणि गोळ्या प्रत्यक्ष हातात पडल्या का. दुभाषा कोण होतं. काही राहिलं का?

सांख्यिक
हिमोग्लोबिन. आणि मूळ देश, निदान मेक्सिको की अजून कुठला. पण एक सावध सूचना: तुमच्याकडे सगळेच हिस्पॅनिक असतील तर तुलना आपसांतच होईल. तेच बरं आहे. मग वंश आपोआप गणितातून जातो आणि मनगट-जांघ, विमा आहे-नाही असले फरक उघडे पडतात.

टेक्सासकर_काका
नदीपलीकडच्या औषधांचाही रकाना करा. रागावून न विचारता. नाहीतर कोणी खरं सांगणार नाही.

मनगटवाला
बायकांची मनगटातली धमनी बारीक असते, ती आकसते, म्हणून डॉक्टर पटकन जांघेकडे वळतात. म्हणजे ज्यांना रक्तस्रावाचा धोका जास्त त्यांनाच जांघेतून. तुमच्या आकड्यांत हे नक्की दिसेल, वेगळं काढून बघा.

रिओकाठची
बघते. त्या सीनियर डॉक्टरांची जांघेची सवय जुनी आहे, एवढंच बोलते.

कट्टेकरी
ओहो! आता खरं कारण कळलं. पॉपकॉर्न संपले.

गोदाकाठ_रेखा
इतके दिवस नुसती वाचत होते, आज विचारतेच. माझ्या सासऱ्यांना चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, स्टेंट टाकला. नाशिकला असतो. त्यांची दाढ काढायची आहे आणि डेंटिस्ट म्हणाले, पाच दिवस आधी रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद करा. तसं केलं तर चालेल ना?

मनगटवाला
रेखाताई, एकही गोळी बंद करू नका. आधी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन. अटॅकला चारच महिने झालेत, दाढ थांबत असेल तर थांबवू. थांबत नसेल तर गोळ्या चालू ठेवूनच काढता येते, टाका घालून आणि गॉझ दाबून रक्त थांबतं. हिरडीतलं रक्त दिसतं आणि आवरता येतं. स्टेंटमधली गुठळी तशी नसते.

रिओकाठची
आमच्याकडे असाच एक जण परत आला होता, नदीपलीकडे दात काढून, गोळी सोडून. टेबलावर घेतला तेव्हा स्टेंट पूर्ण बंद होता. डॉक्टर म्हणतात तसंच करा ताई.

गोदाकाठ_रेखा
बापरे. आत्ताच फोन लावला. हार्टचे डॉक्टर म्हणाले, काहीही बंद करायचं नाही, डेंटिस्टला चिठ्ठी देतो. उद्या आणायला जाते.

मनगटवाला
उत्तम. चिठ्ठीची एक झेरॉक्स सासऱ्यांच्या पाकिटात स्टेंटच्या कार्डासोबत ठेवा.